चॉकलेट मार्शमॅलो फॉन्डंट: ओटा पुसण्यापासून केक पोचवण्यापर्यंतची तयारी

शनिवारी संध्याकाळी केक द्यायचा असेल तर फॉन्डंट, म्हणजे केकवर पोळीसारखा चढवायचा साखरेचा मऊ गोळा, गुरुवारी मळून झालेला हवा; इथे तो मार्शमॅलो वितळवून करायचा आहे. स्पंज आणि गनाश (चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण) शुक्रवारी, फॉन्डंट चढवायचा शनिवारी सकाळी. हा क्रम आधी कागदावर लिहा आणि मगच बाजाराची पिशवी उचला. मार्शमॅलो एकदा वितळला की वाट बघत नाही. पाच-सात मिनिटांत त्याचा चिवट गोळा होतो, आणि तेवढ्या वेळात चाळणी शोधणं, साखर मोजणं, फोन घेणं यातलं काहीही जमत नाही, कारण दोन्ही हात मनगटापर्यंत चिकटलेले असतात. म्हणून या कामात मळण्याच्या कौशल्यापेक्षा आधी काय काय मांडून ठेवलं यालाच जास्त महत्त्व आहे.

सामान आणण्याआधी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचारा. पहिली, जिलेटिन चालतं का? बाजारातल्या बहुतेक मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. पाकिटावर तपकिरी त्रिकोणाची खूण असते, ती बघा. सांगली-मिरजेत जैन आणि लिंगायत घरं भरपूर, शिवाय श्रावणात न खाणारेही बरेच. पुष्कळ जण ‘एगलेस’ एवढंच सांगतात आणि त्यात सगळं आलं असं समजतात. जिलेटिनचं त्यांना माहीतच नसतं, त्यामुळे ते सांगणं बनवणाऱ्याचं काम आहे. हे न विचारता ऑर्डर घेऊच नये. मग हिरव्या खुणेचे मार्शमॅलो आणून काम भागेल का? बहुतेक वेळा नाही. जिलेटिन साधारण ३५ अंशांना वितळतं, हिरव्या खुणेच्या मार्शमॅलोत बऱ्याचदा असणाऱ्या अगर-अगरला (समुद्री शेवाळापासून काढलेल्या पावडरीला) मात्र ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे अगरवाले मार्शमॅलो मायक्रोवेव्हमध्ये एकजीव न होता गुठळ्या धरतात. अशा घरासाठी हिरव्या खुणेचा तयार फॉन्डंट आणा आणि त्यात तेवढंच मॉडेलिंग चॉकलेट मळा. २०० ग्रॅम डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं गडद चॉकलेट) वितळवून त्यात ८० ग्रॅम कोमट लिक्विड ग्लुकोज हलक्या हाताने मिसळायचं, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं, की मॉडेलिंग चॉकलेट तयार. चवीला ते नुसत्या फॉन्डंटपेक्षा कितीतरी सरस लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आतलं क्रीम. आपल्याकडे व्हिप्ड क्रीमच्या केकची सवय आहे आणि गिऱ्हाईक तेच मागतं. पण व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट टिकत नाही. क्रीममधलं पाणी साखर ओढून घेते, फॉन्डंट आतून पाझरतो आणि तासा-दोन तासांत कडेने ओघळायला लागतो. बाहेरचा थर गनाशचाच हवा. थरांच्या मधे क्रीम हवंच असेल तर पातळ भरा, आणि कडेने गनाशचा बांध घाला. डार्क कंपाउंड आणि २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम यांचं प्रमाण एरवी दोनास एक, म्हणजे ३०० ग्रॅमला १५० ग्रॅम. एप्रिल-मे महिन्यांत क्रीम १२० ग्रॅमवर आणा.

आता मापं. आठ इंच व्यासाचा, चार इंच उंच केक झाकायला अठरा इंचांची पोळी लाटावी लागते: व्यास आठ, दोन्ही बाजूंचे चार-चार, आणि वर दोन इंच जास्तीचे. तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडी धरली तर साडेआठशे ग्रॅमचा गोळा पुरतो. त्यासाठी पांढरे साधे मार्शमॅलो २५० ग्रॅम, पाणी दोन मोठे चमचे, डार्क कंपाउंड १२० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज एक मोठा चमचा भरून, कोको पावडर ४० ग्रॅम, आयसिंग शुगर ३५० ग्रॅम आणि वेगळ्या वाटीत आणखी ५० ग्रॅम, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, आणि हाताला, भांड्याला लावायला वनस्पती तूप. फुलं, बो, नावाची अक्षरं करायची असतील तर पाव किलो जास्तीचा गोळा धरा. सगळं वजनकाट्यावर मोजा. वाटीच्या मापात आयसिंग शुगर दाबून भरली की भुरभुरून भरली यावरच पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो.

आयसिंग शुगर आणि कॉर्नफ्लोअर सांगलीच्या गणपती पेठेत सुटं मिळतं, पण पाकीटबंद घेतलेलं बरं. पावसाळ्यात सुट्या साखरेला दमटपणा धरलेला असतो, मुठीत दाबली की तिचा लाडू होतो, आणि अशी साखर फॉन्डंटमध्ये कितीही घातली तरी चिकटपणा जात नाही. घरी मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर वापरायची असेल तर दर वाटीला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा दळा आणि मलमलच्या कपड्यातून चाळा. साध्या चाळणीतून रवाळ कण सुटतात आणि पोळी लाटताना नेमके तिथेच फाटतं. मार्शमॅलोचं पाकीट बाहेरून चाचपून बघा. आतले तुकडे सुटे हलले तर माल ताजा. एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल तर दुकानात ते उन्हात तापलेलं आहे किंवा जुनं आहे. रंगीत, फळांच्या वासाचे मार्शमॅलो नकोत, त्यांचा वास चॉकलेटवरही मात करतो. कोको पावडर बिनसाखरेची हवी, ड्रिंकिंग चॉकलेट चालत नाही. गडद रंग हवा असेल तर डच प्रोसेस्ड कोको घ्या. काळा केक करायचा असेल तेव्हा हा फॉन्डंट फार उपयोगी पडतो, कारण मुळात तपकिरी असल्याने काळा जेल रंग अगदी थोडा लागतो आणि चव कडवट होत नाही. फिका गुलाबी, आकाशी असे रंग मात्र यातून येणार नाहीत, त्यासाठी पांढरा वेगळा करा.

भांडी मांडताना मोठी काचेची वाटी घ्या, मार्शमॅलोच्या आकारमानाच्या तिप्पट तरी. स्टीलची परात, बारीक चाळणी, सिलिकॉनचा उलथणा, पीठ कापायची पट्टी, क्लिंग फिल्म, झिपची पिशवी, बारीक टाचणी, स्मूदर (फॉन्डंट दाबून गुळगुळीत करायची सपाट पट्टी), आणि सरळ लाटणं. घरच्या पोळीच्या लाटण्याचं पोट फुगीर असतं, त्याने मोठ्या पोळीवर खाचा पडतात. अठरा-वीस इंचांचं एकसारख्या जाडीचं लाकडी लाटणं एकदाच आणून ठेवावं. पोळपाट अर्थातच पुरत नाही. ग्रॅनाइटचा ओटा लागेल, तोही मसाल्याचा वास जाईपर्यंत पुसलेला. अंगठ्या, बांगड्या काढा. सुती ओढणी, लोकरी स्वेटर, टॉवेल यांचे धागे गडद फॉन्डंटवर पांढरे उठून दिसतात, म्हणून गुळगुळीत कापडाचा ॲप्रन बांधा आणि केस झाका. मळताना पंखा बंद ठेवा, वाऱ्याने वरची साय सुकते. वीज जाण्याची वेळ साधारण माहीत असेल तर त्याआधी मायक्रोवेव्हचं काम उरकून घ्या. नाहीतर गॅसवर उकळत्या पाण्यावर वाटी ठेवूनही जमतं, फक्त वाटीचा तळ पाण्याला लागू देऊ नका.

सुरुवात कोको आणि ३५० ग्रॅम आयसिंग शुगर एकत्र चाळून परातीत घेण्याने. मध्ये आळं करा. वाटी, उलथणा आणि दोन्ही तळहात यांना वनस्पती तूप नीट चोळा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. कंपाउंड वेगळं वितळवून ठेवा; ते बोटाला कोमट लागावं, चटका बसू नये. मग मार्शमॅलोवर पाणी शिंपडून मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद. पहिल्या फेरीत तुकडे फक्त फुगतात आणि गोल होतात, आकार मोडत नाही. हलवा आणि पुन्हा तीस सेकंद. दुसऱ्या फेरीनंतर कडा गळू लागतात, उलथणा उचलला की पांढरी दोरी ओढली जाते, आत अजून काही गाठी दिसतात. इथे बहुतेकांचा हात पुन्हा बटणाकडे जातो. फार तर आणखी पंधरा सेकंद द्या; उरलेल्या गाठी हलवून हलवून आतल्या उष्णतेवरच विरघळतात. जास्त तापवलं तर पाणी उडून पाक पुढे जातो, आणि असा फॉन्डंट थंड झाल्यावर कडक होऊन तुटतो. आता ग्लुकोज, व्हॅनिला, मीठ आणि कोमट चॉकलेट घालून रंग एकसारखा होईपर्यंत ढवळा. चॉकलेट फार गरम असेल तर तूप सुटून कडेला तेलकट रेघा दिसतात. तसं झालं तर थोडं निवू द्या आणि मळताना ते पुन्हा आत जिरवा.

मिश्रण आळ्यात ओता, उलथण्याने साखर वरून आत लोटत राहा, गोळा जमला की ओट्यावर घेऊन तळहाताच्या मागच्या भागाने दाबून, घडी घालून, वळवून मळा. सात-आठ मिनिटं पुरतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गोळा कोमट आहे तोवर तो चिकटणारच, आणि तो चिकटपणा जावा म्हणून माणूस वाटीतली जास्तीची साखर घालत सुटतो. पण यात चॉकलेट आहे, ते रात्रीतून आवळतं. गरम असताना अगदी कोरडा, सुटसुटीत झालेला गोळा सकाळी दगड होतो आणि लाटताना कडांना भेगा पडतात. म्हणून पुरीच्या कणकेपेक्षा थोडा सैल, बोटाला किंचित धरणारा असतानाच थांबा. जास्तीची ५० ग्रॅम साखर बऱ्याचदा निम्मीच लागते. पावसाळ्यात सगळी लागेल, थंडीत बहुधा हातही लावावा लागणार नाही. गोळा चपटा करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर मऊ होतो. वरून तुपाचा हात फिरवा, क्लिंग फिल्म हवा न ठेवता घट्ट लपेटा आणि झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा.

ठेवायचं कुठे, हे ऋतूवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फळीवर, भिंतीकडच्या गार कोपऱ्यात. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ३८-४० पर्यंत जातो, तेव्हा बाहेर ठेवलेला गोळा सकाळी पसरलेला मिळेल. हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडू नका. दव डब्यावर बसू दे, फॉन्डंटवर नको. असा गुंडाळलेला गोळा तीन-चार आठवडे चांगला राहतो.

चढवायच्या सकाळी गोळा कडक वाटला तर मायक्रोवेव्हमध्ये पाच ते आठ सेकंद, त्याहून जास्त नाही, आणि तुपाच्या हाताने मळा. तरी भेगा दिसल्या तर ग्लिसरिनचे चार-पाच थेंब घाला. उलट सैल आणि चिकट असेल तर पाव किलोला अर्धा छोटा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट घट्ट करणारी खाण्याची पावडर) मळून अर्धा तास झाकून ठेवा. गनाशचा थर फ्रिजमध्ये घट्ट झालेला, कडा टोकदार केलेल्या आणि त्यावर ओल्या ब्रशचा अगदी हलका हात फिरवलेला असावा. ओट्याला पांढरी साखर भुरभुरू नका. गडद फॉन्डंटवर तिचे राखाडी डाग राहतात आणि पुसताना चकचकीत ठिपके पडतात. कोको भुरभुरा किंवा तुपाचा पातळ हात ओट्यावर फिरवा. लाटताना दर दोन-तीन वेळा पोळी एक चतुर्थांश फिरवा, म्हणजे ती खाली धरत नाही. लाटण्यावर गुंडाळून उचला, केकवर सोडा, आधी वरचा भाग स्मूदरने बसवा, मग वरची कड, मग बाजू. बाजूला चुण्या पडल्या तर दाबून मिटवू नका. खालचा घेर झालरीसारखा बाहेर उघडा आणि तळहात वरून खाली नेत बसवा. बुडबुडा आला तर टाचणी आडवी टोचा, बोटाने हवा काढा. पोळी लाटून ठेवून केकची तयारी करत बसलात तर पृष्ठभाग सुकून बारीक सुरकुत्या पडतात. त्यावर थोडं तूप चोळलं की बऱ्याच मिटतात, खोल गेल्या तर पुन्हा मळण्यावाचून इलाज नाही.

झाकलेला केक पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून चारही कडांना टेप लावा आणि मगच फ्रिजमध्ये ठेवा. पुठ्ठा ओलावा शोषतो, प्लॅस्टिकचा डबा तो आत कोंडतो. बाहेर काढल्यावर घाम सुटला तर बोट लावू नका, टिश्यूही नको. पंख्याखाली ठेवा, आपोआप सुकतो. मिरजेला किंवा तासगावला पोचवायचा असेल तर उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत निघा. गाडीत सीटवर खोकं तिरकं बसतं, म्हणून ते पुढच्या सीटच्या पायाशी सपाट ठेवा, खाली नॉनस्लिप मॅट, एसी चालू. देताना घरच्यांना दोन गोष्टी सांगा: कापण्याआधी तासभर फ्रिजबाहेर ठेवा पण खोकं बंदच ठेवा, आणि सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून मगच फिरवा.