मांजर काय सांगते आहे, हे ओळखताना

मांजर आतल्या गाठीचे असते, त्याच्या मनाचा थांग लागत नाही, असे मांजर पाळणारी माणसेही सहज बोलून जातात. वास्तविक मांजर दिवसभर काही ना काही सांगत असते. मात्र दुखणे आणि भीती या दोन गोष्टी ते शक्य तितक्या झाकून ठेवते. घरमांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर हे एकट्याने शिकार करणारे, आणि प्रसंगी स्वतःच मोठ्या श्वापदाची शिकार होणारे जनावर आहे. अशा प्राण्याला दुबळेपणा उघड करण्यात फायदा काहीच नसतो, धोका मात्र असतो. माणसाच्या सहवासात सुमारे १०,००० वर्षे काढूनही ही सवय सुटलेली नाही. म्हणून मांजर समजून घ्यायचे असेल, तर ठळक लक्षणांची वाट पाहण्यापेक्षा त्याच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला लहानसा फरक टिपता आला पाहिजे, आणि त्यासाठी ते नेहमीचे वागणे आधी नीट माहीत असायला हवे.

ते कुठे झोपते, किती खाते, दिवसातून किती वेळा लघवी करते, कपाटावर एका उडीत चढते की खुर्चीवरून टप्प्याटप्प्याने, अंग चाटण्यात किती वेळ घालवते, याकडे निरोगी दिवसांतच लक्ष द्यावे. मांजर गाढ झोपलेले असताना त्याच्या पोटाची वरखाली होणारी हालचाल एक मिनिटभर मोजून ठेवावी; एकदा वर आणि खाली मिळून एक श्वास धरावा. ही संख्या साधारणतः ३० च्या आत असते. ती वारंवार त्याहून अधिक भरू लागली, तर पशुवैद्याला कळवावे. कुत्र्याने जीभ बाहेर काढून धापा टाकणे स्वाभाविक असते, पण बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेणाऱ्या मांजराला त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे लागते.

देहबोली वाचताना शेपटी, कान आणि डोळे यांचा एकत्र विचार करावा; एकाच खुणेवरून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. डोळ्यांच्या बाहुल्या अंधारात मोठ्या होतात, भीतीने होतात आणि खेळाच्या भरातही होतात. कान पुढे वळलेले असून अंग मोकळे असेल तर तो खेळ समजावा. कान मागे चपटे झालेले, अंग जमिनीसरसे आणि मिशा गालांना चिकटलेल्या असतील तर ती भीती आहे. मांजराचा प्रत्येक कान तीसेक स्नायूंच्या आधारे वेगवेगळ्या दिशांना फिरतो, त्यामुळे मनातली खळबळ बहुधा तिथेच आधी उमटते. शेपटी सरळ वर उभी आणि टोकाशी किंचित वाकलेली असेल तर ते मैत्रीचे स्वागत असते; पिल्ले आपल्या आईकडे अशीच धावतात. शेपटी डावी-उजवीकडे जोरात आपटली जाऊ लागली, की हात मागे घ्यावा. कुत्र्यांची सवय असलेली माणसे नेमकी इथेच फसतात आणि ओरबाडून घेतात. अंगावरचे केस फुलवून, पाठीची कमान करून आडवे उभे राहिलेले मांजर रागावलेले दिसत असले तरी बहुतेक वेळा घाबरलेले असते, आणि त्याला पळायला वाट मोकळी करून देणे हाच सर्वांत चांगला उपाय ठरतो.

दोन खुणांविषयी विशेष गैरसमज आहेत. पहिली म्हणजे घुरघुर. मांडीवर बसून, पुढचे पंजे कणीक तिंबल्याप्रमाणे हलवत मांजर घुरघुरते तेव्हा ते समाधानी असते यात शंका नाही; पण जखमी, प्रसववेदनेत असलेले किंवा मरणासन्न मांजरही घुरघुरते. त्यामुळे खाणे सोडून कोपऱ्यात बसलेले मांजर घुरघुरत आहे, म्हणून निश्चिंत राहू नये. दुसरी खूण म्हणजे पोट दाखवत लोळणे. त्यातून विश्वास जरूर व्यक्त होतो, परंतु पोटावर हात फिरवण्याचे ते आमंत्रण बहुधा नसते. गाल, हनुवटी आणि कानांच्या पुढची जागा येथे गंधग्रंथी असतात आणि तिथला स्पर्श बहुतेक मांजरांना आवडतो. आधी बोट पुढे करून त्याला हुंगू द्यावे, दोन-तीन सेकंद कुरवाळावे आणि थांबावे. त्याने डोके पुन्हा हाताला घासले तर पुढे चालू ठेवावे, नाहीतर सोडून द्यावे. घरात लहान मुले असतील तर मांजराला उचलण्याआधी त्यांना एवढा एकच नियम शिकवावा.

मांजराशी आपल्यालाही बोलता येते. त्याच्याकडे टक लावून न पाहता डोळे अर्धवट मिटावेत आणि सावकाश उघडझाप करावी. अशी उघडझाप केल्यावर मांजरेही डोळे मिचकावून प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येण्यास अधिक राजी असतात, असे ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

वेदना ओळखण्यासाठी तर आता निश्चित पद्धत उपलब्ध आहे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात तयार झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजपट्टीत कानांची ठेवण, डोळे आवळले जाणे, नाकातोंडाकडील भागाचा ताण, मिशांची ठेवण आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण दिले जातात. १० पैकी बेरीज ४ किंवा त्याहून अधिक आली, तर वेदनाशामकाची गरज असण्याची शक्यता धरली जाते. मांजर जागे पण स्वस्थ असतानाच हे निरीक्षण करावे; झोपलेले, खाणारे किंवा अंग चाटणारे मांजर त्यासाठी उपयोगाचे नाही. वेदनाशामक मात्र पशुवैद्यानेच ठरवावे. आपल्या घरात सहज सापडणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजराने गादीवर किंवा धुतलेल्या कपड्यांवर लघवी केली, की त्याने सूड उगवला असे म्हटले जाते. हे म्हणणे निराधार तर आहेच, शिवाय ते घातकही आहे, कारण त्यापायी आजाराकडे दुर्लक्ष होते. मूत्राशयाचा दाह, खडे, घरातील तणाव किंवा न आवडणारा लिटर ट्रे (मांजराच्या शौचासाठी ठेवलेला वाळूचा ट्रे), यांपैकी काहीतरी त्यामागे असते. मांजरे जितकी, त्याहून एक अधिक ट्रे ठेवावा. तो मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा. वॉशिंग मशीनच्या खडखडाटाशेजारी किंवा जेवणाच्या भांड्याजवळ तो ठेवू नये आणि दिवसातून किमान एकदा साफ करावा. ट्रे धुताना साबण आणि गरम पाणी पुरेसे असते. फिनाईलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजांना लागलेले सारे काही ते चाटत असल्यामुळे फरशीसाठीही ती टाळलेली बरी.

बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन जोर करत असेल, ओरडत असेल आणि लघवीचे मोजकेच थेंब पडत असतील किंवा तेही पडत नसतील, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अनेक जण याला बद्धकोष्ठता समजून दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो पूर्ण बंद झाल्यास एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो, म्हणून रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

आहाराबाबत आपल्याकडील शाकाहारी घरांना एक गोष्ट कटू वाटली तरी सांगावी लागते. दूध-पोळी किंवा दहीभात यांवर मांजर निरोगी राहू शकत नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते प्राणिज आहारातूनच मिळते आणि त्याच्या कमतरतेमुळे हृदय कमकुवत होते, दृष्टीही जाऊ शकते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत शोभते; प्रत्यक्षात बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही आणि जुलाब होतात. उकडलेली कोंबडी चालते, पण रोजचा संपूर्ण आहार म्हणून मांजरांसाठीचे समतोल तयार खाद्य अधिक भरवशाचे आहे. खारवलेले सुके मासे, कांदा आणि लसूण देऊ नयेत. मांजराने खाणे पूर्ण बंद केले असेल, तर एका दिवसाहून अधिक थांबू नये. विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात उपासामुळे चरबी साठून गंभीर आजार होतो.

घरातील इतर धोक्यांपैकी पुष्पगुच्छातील लिली सर्वांत फसवी असते, कारण तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध आणि कपाटातील डांबराच्या गोळ्याही विषारी आहेत. उंच इमारतीत मांजर पडत नाही, हा समज सोडून खिडक्यांना मजबूत जाळी बसवावी. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने ते पलंगाखाली गेले तर ओढून काढू नये. तिथेच पाणी आणि ओळखीचे पांघरूण ठेवावे.

लसीकरण साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर दिली जाते, आणि नसबंदीची वेळ पशुवैद्याशी बोलून पाचव्या महिन्याच्या सुमारास ठरवावी. दवाखान्यात नेण्याची पेटी त्या दिवशीच माळ्यावरून काढली, की मांजर ती पाहूनच पळते. ती घरात कायम उघडी ठेवून आत जुना टॉवेल घालावा, अधूनमधून त्यातच खाऊ द्यावा आणि प्रवासात वरून कापड टाकावे. प्रतीक्षागृहात कुत्री असतील, तर पेटी जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा मांडीवर ठेवावी.