मालगाडीचं डिझेल शिकताय? हॉर्सपॉवर बाजूला ठेवा, आधी टन बघा

एएलपीचं (असिस्टंट लोको पायलट, म्हणजे सहचालकाचं) मेडिकल निघालं, ट्रेनिंगचं पत्र आलं, की नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: सगळीकडे वायर आली, आता डिझेल शिकून काय करायचं? ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ उरकलंय हे खरं आहे. पण ओव्हरहेड तुटली की मदतीला डिझेलच येतं. बिहारात मढौऱ्याच्या कारखान्यात ४५०० आणि ६००० एचपीची मालवाहू डिझेल बनली, आणि २०२५ पासून तिथली इंजिनं गिनी देशात जायला लागली. शिवाय चाक आणि रुळाचं जे गणित डिझेलवर कळतं, ते इलेक्ट्रिकवर जसंच्या तसं लागू पडतं. तेव्हा ‘डिझेल मेलं’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. बहुतेकदा त्याला लोड मीटर, म्हणजे मोटारींचा करंट दाखवणारा काटा, वाचता येत नसतो.

वंशावळ थोडक्यात सांगतो, कारण क्लासमध्ये ती घोटून घेतातच. १९६२ साली अमेरिकेच्या अल्कोकडून डब्ल्यूडीएम-२ आलं, २६०० एचपीचं. १९६४ पासून ते वाराणसीच्या डिझेल कारखान्यात, डीएलडब्ल्यूत, बनू लागलं. एक्स्प्रेसही तेच ओढायचं आणि कोळशाचा रेकही तेच. पुढे नव्वदच्या दशकात खास मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी-३ए आलं, मग ईएमडी या अमेरिकन कंपनीचं ४००० एचपीचं डब्ल्यूडीजी-४. परीक्षेपुरतं एवढं बास.

खरा सापळा इथूनच सुरू होतो. आपल्या इंजिनाच्या नावातच हॉर्सपॉवर लिहिलेली आहे: ३ए म्हणजे ३१००, ४ म्हणजे ४०००. त्यामुळे डोक्यात पक्कं बसतं की आकडा मोठा तेवढं इंजिन जास्त ओढणार. मी याच समजुतीत बराच काळ काढला. एकदा एका लोको इन्स्पेक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, एचपी काय सांगतोस? वजन किती, मोटारी किती, ते सांग.”

आता हे जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. हॉर्सपॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. गाडी उभी आहे, चढावर उचलायची आहे, वेग शून्याच्या आसपास. तेव्हा इंजिनात ४००० असोत नाहीतर ६०००, ती खर्च करायला वेगच नाही. त्या घडीला कामाला येतो तो नुसता जोर, आणि जोराची हद्द रूळ ठरवतो: मोटार लागलेल्या चाकांवर (डिझेल इंजिन वीज बनवतं, चाकं फिरवतात विजेच्या मोटारी) वजन किती आणि चाकाची पकड किती.

उदाहरण घ्या. मालगाडीचं डब्ल्यूडीजी-४ आणि प्रवासी गाडीचं डब्ल्यूडीपी-४ दोन्हींत ईएमडीचं तेच सोळा सिलिंडरचं ७१० इंजिन, दोन्ही ४००० एचपी. पण डब्ल्यूडीजी-४ चं वजन १२६ टन आणि सहाही ॲक्सलना मोटारी, म्हणून उचलताना जोर सुमारे ५३ टन. मूळच्या डब्ल्यूडीपी-४ ला मोटारी चारच, जोर साधारण निम्मा. एचपी सारखी असूनही एक मालगाडी उचलेल आणि दुसरं जागेवर चाकं फिरवत बसेल. ३१०० वाल्यांचंही तेच. प्रवासी आणि माल दोन्ही ओढणाऱ्या डब्ल्यूडीएम-३ए चा गिअर ६५:१८ आणि डब्ल्यूडीजी-३ए चा ७४:१८. वेग १२० वरून १०० वर आला, पण जोर वाढला. शिवाय डब्ल्यूडीजी-३ए ची बोगी अशी आहे की सगळ्या मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसतात, त्यामुळे उचलताना पुढच्या चाकांवरचं वजन कमी उडतं. पहिल्या शेड व्हिजिटला खाली वाकून हे बघाच.

आता लोडचं गणित. भरलेला बॉक्सएन रेक (उघड्या वाघिणींची अख्खी गाडी) साडेचार हजार टनांच्या पुढे जातो. १ इन १०० च्या चढावर नुसता चढच मागे ओढतो दर टनाला दहा किलो, म्हणजे ४५ टन. उभी गाडी हलवायचा विरोध दर टनाला चार-पाच किलो धरा, आणखी वीसेक टन. झाले ५३ च्या वर. म्हणजे तिथे एकटं डब्ल्यूडीजी-४ सुटणार नाही; एमयूमध्ये (एकाच केबिनमधून चालणाऱ्या जोडीत) दुसरं हवं, नाहीतर मागे बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन. कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात चढ १ इन ३७ आहे, दर टनाला २७ किलो. हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ नी तिथे वर्षानुवर्षं माल चढवला तो अनेक इंजिनं लावूनच. हे गणित पाठ करू नका, प्रत्येक नव्या सेक्शनला स्वतः करा. वर्किंग टाइमटेबलमध्ये ग्रेडियंट असतो, लोड कागदावर असतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि स्टॉल झालेल्या, म्हणजे चढावर अडकलेल्या, गाडीवर लॉबीत (क्रूच्या हजेरीच्या ऑफिसात) जबाब लिहिण्यापेक्षा स्वस्त आहे.

हे एकदा बसलं की लोड मीटर आपोआप कळायला लागतो. ३ए मध्ये डीसी मोटारी आहेत. चढावर गाडी रांगायला लागली की अँपिअर चढतात आणि तेवढा करंट मोटार ठराविक मिनिटंच सोसते, पुढे वाइंडिंग तापतं. काटा कुठे आहे एवढंच बघू नका, तिथे किती वेळ आहे ते घड्याळावर बघा. डब्ल्यूडीजी-४ मध्ये एसी मोटारी, ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, त्यामुळे मुंगीच्या चालीनेही ते ओढत राहतं. आणखी एक गोष्ट. ओल्या रुळावर त्याची चाकं किंचित घसरत, किंकाळल्यासारखा आवाज करत चालतात. कॉम्प्युटर रडारवरून खरा वेग बघून तेवढी घसरण मुद्दाम चालू देतो. नवा माणूस घाबरून नॉच (ताकदीच्या हँडलची पायरी) कमी करायला सांगतो आणि चाललेली गाडी तिथेच बसते. अल्को घराण्यातल्या ३ए वर मात्र व्हील स्लिपचा (चाक घसरल्याचा) दिवा लागला की नॉच कमी करायचाच. दोघांचे स्वभाव वेगळे, एकाची सवय दुसऱ्याला लावू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. टीएसडीचे (बिघाड शोधायच्या पुस्तिकेचे) व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो, ‘तीस मिनिटांत सगळे फॉल्ट’ छापाचे व्हिडिओ, यांनी तोंडी परीक्षा निघते, गाडी निघत नाही. आणि ग्राउंड रिले (विजेची गळती झाली की पडणारं संरक्षण) पडला की परत परत रिसेट मारून “बघ, चालली ना” म्हणणारा सीनियर भेटेल. त्याच्याकडून रूटवरचे सिग्नल शिका, सेक्शन शिका, ही विद्या घेऊ नका. माझ्या मते चांगला एलपी (लोको पायलट) तो, जो चढ यायच्या आधी बोलतो. चढावर सगळेच बोलतात.

एका बाबतीत मात्र हुशारी चालणार नाही. ईएमडी इंजिन क्रँककेस प्रेशरवर (इंजिनाच्या पोटातला दाब वाढून) बंद पडलं, तर ते पुन्हा चालू करायचं नाही आणि तापलेलं असताना झाकणं उघडायची नाहीत. आत तेलाची गरम वाफ असते, बाहेरची हवा मिळाली की स्फोट होतो. कंट्रोलवरून कितीही फोन येवोत.

बाकी धीर सोडू नका. पहिले काही महिने केबिनमधले आवाज नुसता गोंधळ वाटतात, मग डोळे मिटूनही नॉच सांगता येतो. मालगाडीला तासन्‌तास लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं करतात, तो वेळ मोबाईलवर घालवू नका. खाली उतरा, सँडबॉक्समध्ये (चाकाला पकड मिळावी म्हणून रुळावर टाकायच्या वाळूच्या पेटीत) हात घाला. वाळू भरलेली असून भागत नाही, कोरडी लागते. ओली वाळू पाइपात गठ्ठा होऊन बसते आणि सँडरचं बटण दाबलं तरी रुळावर काही पडत नाही. सगळे पाइप रुळाच्या माथ्यावर रोखलेले आहेत का तेही बघा. एखादा वाकून बाहेर गेलेला बहुधा सापडतोच. तो लॉगबुकात लिहा आणि एलपी साहेबांना चढ यायच्या आत सांगा.