यूथ मीटिंगमध्ये गोष्टवाला गेम कसा खेळायचा आणि मग बायबल कसं उघडायचं

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नागपूरच्या मेकोसाबागेतले पोट्टे दुपारभर मोबाईलवर गेम खेळून राहतात, आणि संध्याकाळी चर्चच्या यूथ मीटिंगला आले की गप्प. वचन वाचून झालं, काही विचारायचं का म्हटलं की सगळे खाली पाहतात. त्याच पोट्ट्यांना विचारा की गेममधला तो माणूस मेला तेव्हा कसं वाटलं, अर्धा तास बोलतात, थांबवावं लागतं. म्हणून आम्ही सगळे मिळून एक गेम खेळतो आणि मग बायबल उघडतो. तुमच्या मंडळीत करायचं असेल तर कसं करायचं ते सांगतो.

गेम छोटा घ्या, दोन-तीन तासात संपणारा. आणि आधी स्वतः एकट्याने शेवटपर्यंत खेळून बघा, हे टाळू नका. बघायचं काय, तर गेम आपल्याकडून काय करवून घेतो. सिनेमात चूक दुसरा कोणी करतो, गेममध्ये बटण आपण दाबलेलं असतं. २०१५ चा अंडरटेल घ्या (हा जरा मोठा आहे, आम्ही फक्त सुरुवातीचा भाग खेळतो). त्यात समोरच्याला मारायचं की सोडायचं हे दर वेळी आपल्या हातात असतं. एकाने आईसारखी काळजी घेणाऱ्या टोरिएलला मारलं, वाईट वाटलं म्हणून गेम रीलोड करून, म्हणजे मागच्या जागेपासून पुन्हा खेळून, तिला वाचवलं, तर पुढे एक फूल येऊन त्याला सांगतं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. तो पोट्टा कंट्रोलर खाली ठेवून म्हणाला, दादा, याला कसं कळलं? तिथून पश्चात्तापावर जे बोलणं झालं, झालेलं पुसणं वेगळं आणि क्षमा मिळणं वेगळं, ते मला उपदेशात कधी जमलं नसतं.

मांडणी सोपी आहे, लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, सहा-सात जणच बसवा, दर दहा मिनिटांनी कंट्रोलर पुढच्याकडे. संवाद इंग्लिश असतात तर एकाने बाजूला बसून मराठीत सांगत जायचं, शब्दाला शब्द नको, काय चाललंय तेवढं. आईवडिलांना आदल्या दिवशीच कळवा.

खेळताना मध्ये थांबवून वचन सांगू नका. पहिल्या वेळी मी दर पाच मिनिटांनी थांबवून "बघा, हे म्हणजे उधळ्या पुत्र" असं करत होतो, आणि पोरांचा जीवच गेला त्यातला. प्रत्येक मरणाऱ्या हिरोला येशूही बनवू नका. आधी गोष्ट पूर्ण होऊ द्या, मग एकच उतारा आणि एकच प्रश्न.

जर्नी (२०१२) हा सुरुवातीला चांगला. वाळवंटातून डोंगराकडे चालायचं, मध्येच इंटरनेटवरून दुसरा खेळाडू सोबतीला येतो, त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. कोण होता ते नाव सगळं संपल्यावर शेवटी दिसतं. (वायफाय आधी तपासा, नाहीतर एकट्यानेच चालावं लागतं.) मग लूक २४ वाचा, येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले त्याचे दोघं शिष्य. अकरा-एक किलोमीटरची वाट, म्हणजे सदरहून कामठीकडे पायी निघाल्यासारखं, आणि सोबत चालला तो जिवंत झालेला येशूच, ते त्याने भाकर मोडली तेव्हा कळलं. प्रश्न एवढाच विचारा, सोबत चालणारा कोण असेल असं तुला वाटत होतं?

ज्येष्ठ मंडळी विचारतील, वचनात गेम काहून आणता? त्यांना आदराने फादर स्टीफन्सचं उदाहरण द्या. इंग्लंडातून आलेल्या त्या माणसाने ख्रिस्ताची गोष्ट मराठीत सांगायची म्हणून जवळपास ११ हजार ओव्या रचल्या, १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं. आपले लोक पुराण ऐकत होते म्हणून त्याने पुराण लिहिलं. आमच्या पाळकसाहेबांना हे पटलं आणि ते स्वतः येऊन बसले.

दॅट ड्रॅगन, कॅन्सर (२०१६) मात्र ग्रुप जुळल्यावरच घ्या. अमेरिकेतल्या ग्रीन या ख्रिस्ती नवराबायकोने आपल्या जोएल नावाच्या मुलावर बनवलाय, वर्षाचा असताना त्याला कॅन्सर निघाला, २०१४ मध्ये पाच वर्षांचा असताना तो गेला. कोणाच्या घरी असं दुखणं झालं असेल तर त्याला आधी एकट्याला विचारा, नको म्हणाला तर नको.

त्यात हॉस्पिटलमधली एक रात्र आहे. बाप एकटा, मुलगा तहानेने रडतोय आणि पोटात काही ठरत नाही. ज्यूस द्या, उचलून घ्या, काहीही क्लिक करा, रडणं थांबत नाही. आमच्याकडे ज्याच्या हातात कंट्रोलर होता तो सगळी बटणं दाबून दाबून शेवटी म्हणाला, याच्यात करायचं काय? कोणी उत्तर दिलं नाही, मग पडद्यावर तो बाप प्रार्थना करायला लागला. या सीनला कूलर बंद करा, मे महिना असला तरी, कारण प्रार्थना हळू आवाजात आहे आणि कूलरच्या घरघरीत ऐकू येत नाही.

यानंतर स्तोत्र ८८ वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. वाचून झालं की समजावून सांगायला जाऊ नका. आमच्यात आजी गेलेली एक मुलगी होती, तिने बायबल मागून घेतलं आणि तेच स्तोत्र पुन्हा मनातल्या मनात वाचत बसली, आम्ही घामाघूम झालो होतो पण कूलर कोणी लावला नाही.