मारिओ बाउसा ऐकण्याआधी क्लावे हातात बसवा

हवानात 1911 साली जन्मलेला बाउसा ट्रम्पेटवादक, पण त्याची खरी कमाई म्हणजे जॅझची वाद्यरचना क्यूबन तालावर बसवणं. अमेरिकन जॅझ ड्रमर चिक वेबच्या बँडचं संगीत त्याने सांभाळलं, मग 1940 मध्ये गायक मेहुणा माचितोसोबत न्यूयॉर्कमध्ये ‘आफ्रो-क्यूबन्स’ हा बँड उभा केला. त्याची 1943 ची ‘टांगा’ ही रचना ऐकायची तर आधी क्लावे शिका, म्हणजे क्यूबन संगीत ज्यावर उभं असतं तो पाच ठोक्यांचा नमुना.

पायाने संथ चार ठोके धरा. प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून 1 ते 16 मोजा. टाळी 1, 4, 7, 11, 13 वर. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन, म्हणून यालाच 3-2 क्लावे म्हणतात.

चूक बहुतेकदा 4 वर होते: हात पायाच्या ठोक्याकडे ओढला जातो आणि टाळी 5 वर पडते. अशा वेळी वेग निम्मा करा, आकडे मोठ्याने म्हणा. 13 नंतरची तीन घरं रिकामी ठेवा. घाई तिथेच होते.

अर्धे उलटे केले की 2-3 क्लावे; त्यासाठी टाळ्या 3, 5, 9, 12, 15 वर. ‘टांगा’च्या रेकॉर्डिंगवर दोन्ही करून पाहा. दिशा उलटी असेल तर ट्रम्पेटचे फटके टाळीशी सतत भांडतात, आणि ते कानाला लगेच कळतं.