जिल्ह्यातलं सरकारी संशोधन केंद्र बंद होत असेल तर काय करावं

मार्च २०२४ च्या अखेरीस देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली. कृषी विज्ञान केंद्रांच्या आवारात ती चालायची. प्रत्येक ठिकाणी एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, दोघंही कंत्राटी. हवामान खात्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज घ्यायचा, तालुक्यातली पिकं कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहायचं आणि दर मंगळवारी व शुक्रवारी शेतकऱ्याच्या भाषेत सल्ला काढायचा. फवारणी दोन दिवस लांबवा, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा, असा. पाऊस येणार हे मोबाइलही सांगतो. पण पाऊस येणार म्हणून आज कपाशीचं काय करायचं, हे त्या तालुक्याची माती आणि पेरा माहीत असलेला माणूसच सांगू शकतो. नेमका तोच माणूस गेला.

पुढे माहिती अधिकारातून मिळालेल्या कागदांच्या आधारे पत्रकारांनी बातम्या दिल्या. हवामानाची माहिती आता यंत्रं आपोआप गोळा करतात, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात माणसं कशाला, असा मुद्दा नीती आयोगाच्या बाजूने मांडला गेला होता, असं त्यांत दिसलं. सल्ला कसा तयार होतो आणि शेतात तो कसा वापरला जातो, हे दिल्लीतल्या बैठकीत सांगायला शेतकरी नव्हता. म्हणून माझं ठाम मत आहे की सरकारी संशोधन वाचवायचं असेल तर ते वापरणाऱ्यांनी बोलायला हवं. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या नोकरीसाठी कितीही सांगितलं तरी तो त्यांचा स्वार्थ म्हणून बाजूला सारला जातो. हवामान केंद्र असो, मृदा प्रयोगशाळा असो की बियाणं संशोधन केंद्र, काम साधारण पुढच्या क्रमाने करावं.

आधी निर्णय कोणाच्या हातात आहे ते शोधा

मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर आणि आदेश दिल्लीचा, असं बऱ्याचदा होतं. जिल्हा कृषी हवामान केंद्राचंच पाहा. जागा कृषी विज्ञान केंद्राची. ते केंद्र भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या यंत्रणेतलं, पण प्रत्यक्ष चालवणारं कुठे कृषी विद्यापीठ तर कुठे एखादी संस्था. पगाराचा पैसा मात्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखालच्या हवामान खात्याचा. तेव्हा पद कोणी मंजूर केलं, पैसा कोणत्या योजनेतून येतो आणि योजनेची मुदत कधी संपते, ही तीन उत्तरं कागदावर लिहून काढा.

माहिती अधिकारात कागद मागा, कारणं नकोत

केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी आरटीआयच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. अर्ज ५०० शब्दांपर्यंत चालतो. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयाकडे अर्ज असेल तर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही.

'केंद्र का बंद केलं?' असा प्रश्न विचारू नका. कारणमीमांसा 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही, असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. त्याऐवजी बंद करण्याच्या आदेशाची प्रत, त्या फाइलवरच्या टिपण्या, संबंधित बैठकांची इतिवृत्तं, मंजूर आणि भरलेल्या पदांची संख्या आणि गेल्या तीन वर्षांचा योजनेवरचा खर्च मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. खरं बळ टिपण्यांत असतं. कोणी काय गृहीत धरलं ते तिथे दिसतं आणि मग त्या गृहीतकालाच उत्तर देता येतं.

वापराची नोंदवही सुरू करा

हे सगळ्यात कष्टाचं काम आहे आणि बहुतेक मोहिमा इथेच कमी पडतात. 'हे केंद्र शेतकऱ्यांना फार उपयुक्त आहे' या वाक्याला कोणताही अधिकारी मान डोलावतो आणि विसरतो. त्याऐवजी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेले जुने सल्ले शोधा. एका वहीत चार रकाने पाडा: सल्ल्याची तारीख, सल्ला काय होता, तुम्ही काय केलं, काय वाचलं किंवा काय गेलं. फवारणी लांबवली, त्या दिवशी खरंच पाऊस झाला, औषध आणि मजुरी वाचली. किती रुपये, ते त्या शेतकऱ्यालाच विचारा आणि तो सांगेल तेवढाच आकडा लिहा. फुगवू नका. एक खोटा आकडा सापडला की उरलेल्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास जातो. सल्ला चुकला असेल तर तेही लिहा, त्याने वहीची किंमत वाढते.

द्राक्ष, डाळिंब आणि कांदा उत्पादक, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडे अशा नोंदी बहुधा आधीच असतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा जा.

कर्मचाऱ्याला पुढे उभं करू नका

केंद्रातल्या ताई किंवा साहेब आपल्या ओळखीचे असतात. त्यांना व्यासपीठावर बोलवावं असं वाटणं साहजिक आहे, पण तसं करू नका. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ नुसार कर्मचाऱ्याला सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, परवानगीशिवाय कार्यालयीन कागद बाहेर देता येत नाहीत आणि स्वतःच्या नोकरीच्या प्रश्नासाठी राजकीय दबावही आणता येत नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. कंत्राटी माणसाला तर नोटीससुद्धा लागत नाही, मुदत वाढवली नाही की झालं.

म्हणून निवेदनावर सह्या शेतकऱ्यांच्या, पत्र ग्रामसभेचं, खासदारांना भेटायला जाणारेही वापरकर्तेच. कर्मचाऱ्याने दाखवलेला कागद वापरायचा मोह झाला तर थांबा आणि तोच कागद माहिती अधिकारातून अधिकृतपणे मिळवा. फोटो आणि व्हिडिओत त्यांचा चेहरा नको, भाषणात नाव नको. त्यांची बाजू त्यांच्या मान्यताप्राप्त संघटनेने मांडावी. कृषी हवामानशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही या केंद्रांसाठी आवाज उठवला होता.

ठराव, मग खासदार

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास गावोगावी ग्रामसभा होतात. विषय आधीच लेखी देऊन पत्रिकेवर घ्यायला लावा. ठरावात केंद्राचं नाव, पद आणि मागणी स्पष्ट असावी. दहा गावांचे दहा ठराव एका फाइलमध्ये लावले की खासदारांच्या कार्यालयात ती फाइल उघडली जाते. कृषी विज्ञान केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागार समितीवर शेतकरी प्रतिनिधी असतात. त्यांना गाठून इतिवृत्तात विषय नोंदवून घ्या.

खासदारांकडे निवेदनासोबत तयार प्रश्नही घेऊन जा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा पाहूनच भेट घ्या. 'जिल्ह्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, केंद्र बंद झाल्यापासून तालुकानिहाय सल्ला कोण देतं?' एवढं पुरे. लेखी उत्तर आलं की ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव, विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयाची संसदीय स्थायी समिती तपासते. तिच्या सदस्यांनाही वहीतला सारांश पाठवा.

वेळ मात्र सांभाळा. कंत्राटं आणि योजना ३१ मार्चला संपतात, पण पैशांचे आकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच ठरू लागतात. हवामान केंद्रं बंद करण्याचं पत्र जानेवारी २०२४ मध्येच निघालं होतं. त्यामुळे दिवाळीपूर्वी पहिलं निवेदन गेलं पाहिजे.

रस्त्यावर कधी यायचं

कागद तयार झाल्यावर. ९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातल्या अनेक शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थ्यांनी विज्ञानासाठी मोर्चे काढले आणि जीडीपीच्या किमान ३ टक्के खर्च विज्ञान-तंत्रज्ञानावर करण्याची मागणी केली. २०२०-२१ मध्ये संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. मागणी रास्तच आहे, पण ती एका मोर्च्याने पुरी होणारी नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी मात्र विद्यावेतन हा एकच आकडा धरून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्युनिअर रिसर्च फेलोचं दरमहा विद्यावेतन २०१९ मध्ये २५ हजारांवरून ३१ हजार आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार रुपये झालं. मोर्चा काढायचाच असेल तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या आणि फलकावर एकच मागणी लिहा.

केंद्र पुन्हा सुरू करण्याचं आश्वासन मिळालं तरी वही बंद करू नका. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा आणि मंजूर पदांऐवजी त्या दिवशी प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसांची संख्या, त्यांच्या नेमणुकीची मुदत आणि शेवटचा पगार कोणत्या महिन्यात झाला, एवढंच विचारा.