गिनी पिगच्या अँटिबायोटिकचा हिशेब: बाटली बदलली की आकडा बदलतो

आमच्या चिंगी नावाच्या गिनी पिगला दुसऱ्यांदा छातीचा संसर्ग झाला तेव्हा मी तिला दोन वेळा दुप्पट औषध पाजलं. पहिल्या आजारपणातली चिठ्ठी जपून ठेवली होती. तिच्यावर '०.३६ मि.लि., सकाळ-संध्याकाळ' असं लिहिलेलं होतं आणि मी तेवढंच भरलं. पण बाटली नवी होती. जुन्या बाटलीत एका मि.लि.मध्ये २५ मि.ग्रॅ. औषध होतं, नवीत ५०. तिसऱ्या डोसच्या वेळी लेबल वाचलं आणि हातपाय गार पडले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पुढचा डोस गाळायला लावला. चिंगी दिवसभर कोपऱ्यात फुगून बसली, पण निभावलं.

तेव्हापासून मी मि.लि. पाठ करत नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारते: औषधाचं नाव, किलोमागे किती मि.ग्रॅ., दिवसातून किती वेळा. बाकीचा हिशेब घरी करता येतो. समजा डॉक्टरांनी एन्रोफ्लोक्सॅसिन हे अँटिबायोटिक किलोमागे १० मि.ग्रॅ. सांगितलं आणि जनावर ९०० ग्रॅमचं आहे. ०.९ गुणिले १०, म्हणजे एका वेळी ९ मि.ग्रॅ. आता बाटली बघायची. मि.लि.मध्ये २५ मि.ग्रॅ. असेल तर ९ भागिले २५, म्हणजे ०.३६ मि.लि.; ५० असेल तर ०.१८. हे उत्तर डॉक्टरांना वाचून दाखवायचं. जुळलं नाही तर औषध पाजायचं नाही, आधी चूक कोणाची ते शोधायचं. एकदा चूक चिठ्ठीतच निघाली होती.

ट्रायमेथोप्रिम-सल्फाच्या बाटलीवर हिशेब आणखी फसवा असतो. त्यात दोन औषधं एकत्र असतात आणि लेबलवरचं प्रमाण बहुधा ५ मि.लि.मागे दिलेलं असतं: ४० मि.ग्रॅ. ट्रायमेथोप्रिम, २०० मि.ग्रॅ. सल्फा. दोन्ही मिळून २४०, म्हणजे एका मि.लि.मध्ये ४८. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा दोन्हींचा मिळून आहे की नुसत्या ट्रायमेथोप्रिमचा, हे विचारल्याशिवाय भागाकाराला हात घालू नका. गैरसमज झाला तर फरक सहापटीचा पडतो.

वजन आजचंच हवं. आजारी गिनी पिग भराभर उतरतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर उभट भांडं, आत फडकं, काटा शून्यावर आणून मग जनावर. रोज एकाच वेळी.

हे सगळं गणित औषध योग्य असेल तरच कामाचं. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही नावं पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा. ही पोटात गेली की गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने जनावर काही दिवसांत जातं. इथे डोस कमी करून काही साधत नाही. माणसांच्या औषधांतली उरलेली बाटली तर नकोच. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरींच्या चमूने पेनिसिलिनची पहिली महत्त्वाची चाचणी उंदरांवर केली. गिनी पिगवर केली असती तर कदाचित ते विषारी ठरवून कपाटात गेलं असतं!

सिरिंज १ मि.लि.ची, ०.०१च्या रेघांची, सुई नसलेली. इन्सुलिनची वापरू नका. तिच्यावर युनिट असतात, आणि ४० युनिटच्या सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ मि.लि., तर १०० युनिटच्या सिरिंजवर १०० युनिट. आकडा लिहिताना शून्य आधी लिहा. घरातल्या दुसऱ्या कोणी '.४' ला ४ वाचलं तर दहापट औषध जाईल. बाटली हलवून घ्या, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस पहिल्यांपेक्षा कडक होतात. बुडबुडा काढून मगच रेघ बघा.

पाजताना मांडीवर टॉवेलात गुंडाळायचं, पाठीवर उताणं कधीच नाही. समोरच्या दातांमागे गालाच्या बाजूने जी फट असते तिथून सिरिंजचं टोक आत, आणि थेंब थेंब. चावेल, गिळेल, मग पुढचा थेंब. एकदम ढकललं तर औषध फुफ्फुसात जातं. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे गिळलेलं बाहेर येणार नाही. पण तोंडातून सांडलं तर किती गेलं ते कळत नाही. अशा वेळी अंदाजाने पुन्हा भरायचं नाही, फोन करायचा. चुकलेला डोस पुढच्यात मिळवायचा नाही. एन्रोफ्लोक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर कॅल्शियमचं पूरक त्याच वेळी देऊ नका, औषध अंगी लागत नाही.

चिंगीच्या वहीत चार रकाने आहेत: वेळ, मि.लि., वजन, लेंड्या. गवत खाणं थांबलं, लेंड्या बारीक झाल्या किंवा पातळ झाल्या, वजन दहा टक्क्यांनी उतरलं, की डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. भूक नसेल तर सिरिंजने भरवण्याबद्दलही तेव्हाच विचारा. ताजं गवत सतत समोर हवं आणि क जीवनसत्त्वही, कारण ते त्याच्या शरीरात तयार होत नाही. कोर्स संपल्यावर वही लगेच मिटू नका. पोट नंतरही बिघडू शकतं, म्हणून मी आणखी आठवडाभर वजन लिहिते.