पंप बंद होताच आर्डुइनो रीसेट होत असल्यास

ठाण्यातील सोसायटीच्या टाकीसाठी बनवलेले आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड) सर्किट पंप बंद होताच रीसेट होत असेल, तर प्रोग्रॅम बदलण्याआधी पंपाची जोडणी काढून नुसता रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चालू-बंद करून पाहावा. तरीही रीसेट झाल्यास रिलेच्या कॉइलला (आतील तारेच्या वेटोळ्याला) उलट्या दिशेने वन-एन-४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडलेला आहे का हे तपासावे आणि रिलेला स्वतंत्र ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा. त्रास पंप जोडल्यावरच होत असेल, तर बहुधा रिलेच्या संपर्कांवरील ठिणगी त्याला कारणीभूत असते; तेथे १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा (मेन विजेवर वापरण्यासाठी बनवलेला) कपॅसिटर एकसरीत जोडून बनवलेला स्नबर (ठिणगी शमवणारी जोडणी) मेन स्विच बंद करून, जाणकार वायरमनकडूनच बसवून घ्यावा. सेन्सरची लांब तार पंपाच्या केबलसोबत एकाच पाइपातून मुळीच नेऊ नये.